पूर्वस्थिती आणि विश्वास

गेलेली वस्तू जशीच्या तशी परत हाती आली, धन्याचे कवडीचेही नुकसान झाले नाही, किंबहुना ती गेली होती हे त्याला कळलेही नाही. तर ज्याच्या हयगयीने ती गेली, त्याच्याकडे काही दोष उरतो काय? हा प्रश्न तार्किकांच्या करमणुकीचा वाटेल. परंतु गेल्या आषाढात प्रस्तुत लेखकाला तो स्वतःपुरता सोडवावा लागला, आणि त्याला निमित्त झाला एक संगणक.

आमच्या भागातील एका देवस्थानचे वृद्ध महाजन आपल्या घराण्यातील जुन्या हिशेबवह्या घेऊन माझ्याकडे आले होते. पान उलटावे तर तुकडा हाती यावा, अशी वाळवीने त्यांची दशा केली होती. म्हणून सर्व पानांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात ठेवली व वह्या परत केल्या. पुढच्याच पावसाळ्यात त्या वह्यांचा लगदा झाला. मूळ नाहीसे झाले आणि नक्कल हीच मूळ ठरली. नंतर एका रात्री वीज अनेकदा गेली व आली. सकाळी हार्ड डिस्क मुकी झाली होती. ‘बॅकअप आहे’, असे मी निश्चिंतपणे म्हणालो. पेन ड्राइव्ह खणात होताही. परंतु तयार केल्यापासून तो एकदाही उघडून पाहिला नव्हता. आता उघडला तेव्हा फाइलींची नावे दिसली, पाने मात्र उघडेनात.

अखेर पाने मिळाली ती माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याच्या घरी. मजकूर उतरवून काढण्यासाठी त्याने ती आपल्या संगणकावर नेली होती. आणि तीही, अशिलाचे कागद घरी नेऊ नयेत हा माझाच दंडक मोडून!

असे प्रसंग थोरामोठ्यांवरही येतात. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असता पिक्सार या संस्थेच्या संगणकांवरील बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअपची व्यवस्था होती. पण ती नीट चालत नाही, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. गॅलिन सुसमन या अधिकारी बाई तान्ह्या मुलामुळे घरून काम करीत, म्हणून त्यांच्या घरी एक प्रत होती. तिने काम तारले. पुढे संस्थेनेच तो चित्रपट बराचसा नव्याने रचला आणि १९९९ साली तो प्रदर्शित झाला. जे मोडायचे ते आपल्या विचाराने मोडावे, अपघाताने नव्हे, एवढे स्वातंत्र्य त्या प्रतीने त्यांना दिले.

या शास्त्रातील जाणकारांचा एक नियम आहे : प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. या नियमाचे तिसरे अंग गोमंतकीयास समजावून सांगण्याची गरज नाही. १५६० साली श्रीमंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास नेले गेले, ते संकट गाभाऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी. देव हलविणे आणि नक्कल करणे या गोष्टी अर्थातच एक नव्हेत. परंतु जपायचे ते धोक्याच्या कक्षेबाहेर ठेवावे, ही बुद्धी तीच. सदैव संगणकाला जोडून ठेवलेली डिस्क हा खरा बॅकअप नव्हे, कारण विजेचा झटका किंवा खंडणीखोर विषाणू दोघांनाही एकदमच गाठतो. तसेच, विंडोजमध्ये २००० साली आलेली ‘सिस्टिम रिस्टोअर’ ही सोय यंत्रणेची मांडणी मागील तारखेवर नेते. आपले लेख व छायाचित्रे यांची हमी ती घेत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८७२ च्या करार कायद्याचे १५१ वे कलम सांगते की, सामान्य शहाणा मनुष्य तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी ठेव सांभाळणाऱ्याने घ्यावी. हे कलम मालासाठी आहे. पण मी आपल्या मनाला तेच माप लावले. माझे स्वतःचे लेखही त्याच डिस्कवर, त्याच न उघडलेल्या पेन ड्राइव्हच्या भरवशावर होते. म्हणजे मी परक्याच्या व स्वतःच्या वस्तूंत भेद केला नव्हता. पण त्याने मी शहाणा ठरत नाही, दोन्हीकडे सारखाच गाफील ठरतो. मात्र हानी झाली नसल्यामुळे कायद्याला भरपाईसाठी हात घालण्यास जागा नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेचे १४४ वे कलमही, हुकूमनामा फिरला असता पक्षकारांना शक्य तितके पूर्वस्थितीत आणा, असे सांगून थांबते. पूर्वस्थिती तर आली होती. मग बोलायचे कशाला?

दोन दिवस मी याच युक्तिवादाच्या आसऱ्यास राहिलो. नंतर त्यातील उणीव दिसली. संगणक मागील तारखेवर नेला की मधला काळ त्याच्यापुरता घडलाच नाही. मनुष्याचे तसे नाही. मला तो काळ ठाऊक होता आणि महाजनांना नव्हता. त्यांनी माझ्यावर केवळ पाने सोपविली नव्हती. ‘तेथे ती सुरक्षित आहेत’ या समजुतीवर त्यांनी स्वतः काहीही न करण्याचे ठरविले होते. ती समजूत खोटी होती. मी गप्प राहिलो तर ती खोटीच राहणार आणि त्यांचा निर्णयही तिच्यावरच उभा राहणार. पाने परत आली. त्यांचा निर्णयाचा अधिकार परत आला नव्हता. म्हणजे सांगण्याचे कर्तव्य गतकाळाच्या पापक्षालनासाठी नव्हते, पुढील काळासाठी होते.

मी त्यांच्या घरी जाऊन सर्व सांगितले. सहकाऱ्याने मोडलेला दंडकही लपविला नाही. ते बराच वेळ अंगणातल्या तुळशीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पाने मिळाली, देवाची कृपा. पण वकीलसाहेब, आता एक प्रत माझ्या घरी राहू द्या. नातू सांभाळील.”

हेच ते दोन वर्षांपूर्वीही म्हणाले असते.

आता प्रती तीन आहेत. प्रत्येक जादा प्रत म्हणजे गुप्ततेला जादा दार, हेही खरे. म्हणून बाहेरची प्रत अशिलाच्या संमतीने व परवलीच्या शब्दाने बंद करून ठेवतो. सहकाऱ्याची मी दोन गोष्टींसाठी माफी मागितली : असा दंडक घातला, पण कामाची सोय केली नाही, म्हणून, आणि त्याच्या घरी पाने मिळाली त्या दिवशी आभार मानण्याआधी त्याला रागावलो, म्हणून. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघे मिळून त्या प्रतींतले कोणतेही एक पान उघडून वाचतो. परवा निघालेल्या पानावर नंदादीपाच्या तेलाचा खर्च होता.