आस्वाद आणि पंगत

रसनेच्या सुखाविषयी विचारवंतांनी सहसा आदर दाखविलेला नाही. काव्य, चित्र, संगीत यांच्या आस्वादाला सौंदर्यशास्त्राच्या माजघरात मानाचे पान मिळते. अन्नपानाच्या आस्वादाला मात्र ओसरीवरच थांबावे लागते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा भेद एका साध्या उदाहरणाने मांडला आहे. कॅनरी बेटांची वाइन रुचकर आहे असे कोणी म्हटले आणि दुसऱ्याने ‘तुला रुचकर आहे, इतकेच म्हण’ अशी दुरुस्ती सुचविली, तर ती त्याने निमूटपणे मान्य करावी, असे कांट म्हणतो. जिभेची रुची ज्याची त्याची. तिच्याबाबत इतरांच्या संमतीची अपेक्षा धरता येत नाही.

परंतु हाच कांट उत्तरायुष्यात आपल्या घरी दुपारच्या भोजनाला नित्य पाहुणे बोलावीत असे. एकट्याने जेवणे तत्त्वचिंतकाच्या प्रकृतीस अपायकारक, असे त्याचे मत होते. आणि भोजनमंडळी तिघांहून कमी व नवांहून अधिक नसावी, असे प्रमाणही त्याने सांगून ठेवले आहे. रुची जर सर्वस्वी खाजगी असेल, तर चार माणसे जमवून भोजन करण्यात एवढे काय आहे? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका विशिष्ट पेयाच्या निमित्ताने करू इच्छितो.

अर्जेंटिनाच्या पश्चिमेस, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी मेंडोसा प्रांत आहे. तेथील तुपुंगातो विभागात, ग्वाल्तायारी नावाच्या उंच भागात, निकोलास कातेना यांनी १९९२ साली सुमारे १,४५० मीटर उंचीवर द्राक्षमळा लावला. इतक्या थंडीत फळ पिकेल की नाही, याचीच तेव्हा शंका होती. उंची म्हणाल तर आपल्या महाबळेश्वराच्या माथ्याइतकी. पण महाबळेश्वरी पाऊस कोसळतो, आणि मेंडोसाच्या सखल पट्ट्यात तो वर्षाकाठी २०० मिलिमीटरांच्या आसपासच पडतो. वेली जगतात त्या अँडीजवरील वितळत्या बर्फाच्या पाण्यावर. ते पाणी पाटांनी शेतात खेळविण्याची विद्या स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच तेथील हुआर्पे लोकांना अवगत होती.

समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर गेले की हवेचे तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते. दिवसा विरळ हवेतून येणारे ऊन प्रखर असते, त्यामुळे फळाला पक्वता येते व त्याची साल जाड होते. रात्री थंड असतात, त्यामुळे फळातील आम्ल जळून जात नाही. एरवी उष्ण प्रदेशात शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाची वाइन जड आणि सुस्त होण्याचा संभव असतो. उंचावरच्या शार्दोनेत पक्वता आणि आंबटपणा ही दोन्ही एकत्र नांदतात. म्हणूनच ती अन्नाबरोबर शोभते. कोवळ्या मक्याचे दाणे वाटून, त्यात कांदा आणि चीज घालून, मक्याच्याच पानांत बांधून शिजविलेली ‘उमिता’ हा तिकडचा आवडता पदार्थ. त्याचा गोडसर स्निग्धपणा जिभेवर साचू लागला की एक घोट तो धुऊन नेतो आणि पुढचा घास पहिल्यासारखाच ताजा लागतो.

आता हा पेला चौघा मित्रांपुढे आला आहे असे समजा. एकाला त्यात लिंबाच्या सालीचा वास येतो, दुसऱ्याला हिरव्या सफरचंदाचा. तिसरा म्हणतो, हा तर पावसाने भिजलेल्या खडकाचा गंध! पहिला पुन्हा पेला नाकाशी नेतो, आणि मघाशी ज्याचा मागमूसही नव्हता तो खडक आता त्यालाही भेटतो. येथे काय घडले? तिसऱ्याने आपली रुची पहिल्याला दिली नाही. ती देता येतच नाही, हे कांटचे म्हणणे खरे आहे. त्याने दिले ते आपले अवधान. जिभा चार असल्या तरी अवधान एकमेकांना उसने देता येते, आणि त्या देवघेवीत प्रत्येकाचा आनंद वाढतो. जेवण उरकल्यावरही पानावरून न उठता गप्पा मारीत बसण्याच्या वेळेला स्पॅनिश भाषेत ‘सोब्रेमेसा’ असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या समाजाला त्यासाठी शब्द घडवावासा वाटला, त्याला ही गोष्ट उमगली असली पाहिजे.

अशा आस्वादाला आतूनच मर्यादा असते. असंयमी मनुष्याचे सुख चवीचा विवेक करण्यात नसते, हे ॲरिस्टॉटलने वाइन पारखणाऱ्यांचाच दाखला देऊन सांगितले आहे. पारख करावयाची तर शुद्ध हवी. पेल्यावर पेले रिचविणारा प्रथम गमावतो तो आस्वादच.

तथापि एवढ्याने प्रश्न सुटत नाही. महाराष्ट्रात गावातील वा वॉर्डातील स्त्रियांना मतदानाने दारूचे दुकान बंद करविता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. आडवीवरचा शिक्का म्हणजे बंदीच्या बाजूचे मत. ज्या स्त्रीने तो शिक्का मारला, तिच्यापुढे आमच्या लिंबाच्या सालीचे आणि भिजल्या खडकाचे वर्णन काय कामाचे? पेल्यातील मद्यार्क दोन्हीकडे एकच. प्रकृतीला सर्वथा निर्धोक असे मद्याचे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. मजुराच्या हातातले ते व्यसन आणि सुखवस्तू गृहस्थाच्या हातातली ती रसिकता, ही वाटणी आम्हांस मान्य नाही. रसिकतेने पेला निर्दोष ठरत नाही. फार तर तो सभ्य दिसतो.

मग निकष कोणता? तो आम्हांस आपल्या भाषेतच सापडतो. एकाच पंगतीत एकाला साजूक तूप आणि दुसऱ्याला तेल वाढणे, याला आपल्याकडे ‘पंक्तिप्रपंच’ म्हणतात आणि ते पाप मानतात. आडव्या बाटलीला मत देणाऱ्या स्त्रीची तक्रार हीच आहे: घरातल्या एकाने आपल्या पेल्यात साऱ्या घराचे पान वाहून नेले. तिचा निकाल चवीविरुद्ध नाही, मोडलेल्या पंगतीविरुद्ध आहे. जो पेला कोणाला तरी पानावरून उठवितो तो त्याज्य, मग त्यातील द्राक्षे कितीही उंचावर पिकलेली असोत.

हा निकष सुखवस्तू मित्रमंडळींनाही सोडीत नाही. जिलबीचा आग्रह हे आपल्या आतिथ्याचे भूषण. पेल्याचा आग्रह मात्र अपराध. चौघांतला एक जण पाणी पीत असेल, तर त्याला कारण विचारले जाऊ नये आणि गप्पांत त्याचे पान तसूभरही मागे सरू नये. ज्याला वाइनमधले फार कळते त्याने आपल्या ज्ञानाने इतरांना खजील केले, तर तोही पंक्तिप्रपंचच. तशांनी शार्दोनेचे कुळ आठवावे. ज्या द्राक्षाच्या नावाने मोठमोठे मळे मिरवतात, त्याच्या जनुकांची तपासणी १९९९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याच्या जन्मदात्यांपैकी एक मान्यवर पिनो निघाले आणि दुसरे गुए ब्लां, म्हणजे शतकानुशतके हलके म्हणून हिणविले गेलेले, शेतकऱ्यांच्या घरचे द्राक्ष.

सुखाला भिणे हा काही धर्म नव्हे, आणि सुखाला नाजूक नावे देणे ही नीती नव्हे. ज्याला चार माणसांत बसून चाखावेसे वाटते, त्याने प्रथम पंगतीकडे पाहावे: कोण बसले आहे, कोण पाणी पीत आहे, कोणाला बोलवायचे राहून गेले आहे. हे पाहून झाल्यावर जो घोट घेतला जाईल, त्याची चव निराळी लागेल असे आम्हांस वाटते.