चित्राची आखणी

चित्रातली भूमिती चौकटीपासून सुरू होते. कागदावर अजून एकही रेघ उमटलेली नसते, तरी चार कडा आणि चार कोपरे तिथे असतात. म्हणजे मध्य असतो, दोन कर्ण असतात, वरची बाजू आणि खालची बाजू असते. अशा कोऱ्या कागदावर एकच ठिपका दिला तरी त्याला स्वभाव येतो. बरोबर मध्यावर तो स्वस्थ बसतो, उजव्या कडेला खेटला की बाहेर निसटू पाहतो, खालच्या कोपऱ्यात गेला की जड वाटू लागतो. ठिपका तोच आणि शाईही तीच. बदलते ते कडांपासूनचे अंतर. कलाशिक्षणात ज्याला संयोजन म्हणतात, ते मुळात अशा अंतरांचे शास्त्र आहे.

महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना ही भूमिती दोन वेगळ्या दारांनी भेटते. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना खेड्यापाड्यांतली मुले बसतात. त्यांत भूमितीचा पेपर निराळा आणि स्मरणचित्राचा निराळा. एकीकडे कंपासपेटी, गुण्या, टोक काढलेली पेन्सिल. दुसरीकडे बाजार, बसथांबा, पावसातला रस्ता. एका पेपरात षट्कोन चोख काढणारे मूल दुसऱ्या पेपरात बाजारातली सगळी माणसे एका ओळीत, एकाच उंचीची, एकमेकांपासून सारख्या अंतरावर उभी करते. एका पेपरातली भूमिती दुसऱ्या पेपरातही वापरायची असते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. कलाशिक्षणातली ही मोठी उणीव आहे, कारण संयोजन शिकवण्याचे सर्वांत सोपे साधन मुलाच्या हातात असूनही ते पेटीतच राहते.

मराठी मुलांचे लाडके निसर्गचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीत अर्धा उगवलेला सूर्य, तिथूनच निघून खाली येणारी नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी माड. या चित्राला नावे ठेवण्यापेक्षा ते उलगडून पाहावे. दोन समान त्रिकोण आणि त्यांच्या मधोमध वर्तुळ, ही पक्की सममिती आहे. नजर थेट सूर्यावर जाते, नदीवरून खाली घसरते आणि चित्र संपते. सूर्य थोडा डावीकडे सरकवला, एक डोंगर दुसऱ्याच्या मागे नेला आणि नदीला तिरपे वळण दिले, की त्याच वस्तूंचे वेगळे चित्र होते. नजर आता थांबत, वळत, परतत फिरते. काहीही नवे काढावे लागलेले नाही.

रायगड जिल्ह्यातल्या माणगावच्या मुलाला तर डोंगर खरोखर त्रिकोणी असतात का, हे गाव सोडताच तपासता येते. निजामपूरवरून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पूर्वेला सह्याद्री उभा असतो. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून हे डोंगर बनले, म्हणून त्यांच्या अंगावर आडव्या रेघा आहेत, माथे बरेचदा सपाट आहेत आणि उतार पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. पायथ्याशी भातखाचरे, आणि त्यांचे बांध कधी वाकडे, कधी सरळ, पण सगळे मिळून जमिनीची वाटणी करणारे. आषाढात इथे चित्र काढायला बसणाऱ्यापुढे पहिला प्रश्न रंगाचा नसतो. कागदावर आभाळ किती ठेवायचे आणि जमीन किती, हा असतो. क्षितिज मधोमध आले तर कागदाचे दोन सारखे तुकडे पडतात आणि दोघांतले कुणीच महत्त्वाचे उरत नाही. क्षितिज वर नेले तर खाचरांना जागा मिळते. कोपऱ्यातून निघणारा एखादा बांध तिरपा आत जातो आणि पाहणाऱ्यालाही आत नेतो. लावणी करणाऱ्या बायकांच्या वाकलेल्या पाठी म्हणजे कमानींची रांग. ती रांग सारख्या अंतराने आली तर कुंपणासारखी दिसते. तिघी जवळजवळ, एक जरा लांब, आणि एकीने पाठ सरळ करून उभे राहावे, एवढ्याने लय येते. आडव्या थरांच्या या प्रदेशात तेवढी एकच उभी रेषा संपूर्ण चित्र पेलून धरते.

दूरच्या वस्तू लहान का दिसतात, याचा भौमितिक हिशेब युरोपात पंधराव्या शतकात पक्का झाला. इटलीच्या अल्बेर्ती याने १४३५ मध्ये तो ग्रंथात मांडला. चित्र म्हणजे जणू खिडकी, पाहणारा एका जागी खिळलेला, आणि खोलीकडे जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजावरच्या एका बिंदूत मिळणाऱ्या. रेल्वेच्या फलाटावर उभे राहून सरळ जाणारे रूळ पाहिले की यथार्थदर्शनाचा हा नियम समजतो. लिओनार्दोने मिलानमधल्या ‘अखेरचे भोजन’ या भित्तिचित्रात (१४९५ ते १४९८) छताच्या आणि भिंतींच्या रेषा येशूच्या कानशिलापाशी नेऊन मिळवल्या. इतक्या गजबजलेल्या पंगतीत नजर प्रथम कुठे जावी, हे छताने ठरवले.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी ही एकडोळी खिडकी वापरलेली नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी आजूबाजूच्या माणसांपेक्षा मोठा आहे तो जवळ उभा असल्यामुळे नव्हे, तर महत्त्वामुळे. त्याची भूमिती शरीराच्या अक्षात आहे. मान एका बाजूला झुकते, धड दुसरीकडे जाते, कंबर पुन्हा वळते. त्रिभंगाच्या या वळणांमुळे स्थिर उभा असलेला देह आतून हलता वाटतो. दुसऱ्या लेण्याच्या छतावर मात्र एकात एक वर्तुळे आहेत आणि त्यांच्या एका पट्ट्यात हंस फिरतात. ज्या परंपरेने भिंतीवर अक्ष मोडला, तिनेच छतावर परकार धरला. शरीर आणि छत यांची गरज वेगळी आहे, हे त्या कारागिरांना नेमके ठाऊक होते.

चित्रशाळेची पायरीही न चढलेल्या हातांत ही जाण किती खोल आहे, ते रांगोळीत दिसते. कोकणातल्या सारवलेल्या अंगणात ठिपक्यांचा कागद अंथरला जातो. त्याला सारख्या अंतरांवर उदबत्तीने भोके पाडलेली असतात. वरून रांगोळी पसरून कागद अलगद उचलला की जमिनीवर ठिपक्यांच्या ओळी उरतात. ‘११ ते ६’ म्हटले की बाईला पुढचे सांगावे लागत नाही. मधल्या ओळीत ११ ठिपके, वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या दोहोंच्या मधोमध. ओळ ६ वर थांबली की ९१ ठिपक्यांचा षट्कोन पुरा होतो. परीक्षेत कंपासने काढावा लागणारा तोच षट्कोन इथे मोजणीतून उगवतो. मग ठिपके जोडत कमळे, पाने, साखळ्या फुलतात आणि शेवटी ठिपके दिसेनासे होतात.

वारली चित्रांत याच्या उलट घडते. तिथे भूमिती लपत नाही. पालघर-ठाणे पट्ट्यातल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्या चौकात पालघट देवी असते. चंद्र-सूर्य वर्तुळाचे, डोंगर आणि झाडांचे शेंडे त्रिकोणाचे; चौकोन मात्र निसर्गात सहसा सापडत नाही, तो माणूस आखतो, आणि देवीची जागाही तोच. माणसाचे शरीर म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. कंबर या एका बिंदूवर सगळा तोल आहे. वरचा त्रिकोण किंचित कलला की माणूस ओझे उचलतो, आणखी कलला की नाचू लागतो. जिव्या सोमा मशे यांनी ही भाषा भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतला तारपा नाच पाहावा. नाचणाऱ्यांची रांग तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल गोल गुंडाळत जाते, आणि पाहणाऱ्याची मानही तिच्याबरोबर वळते.

रायगड जिल्ह्यात भूमितीचा सर्वांत नाजूक वापर पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत होतो. मूर्ती घडली, रंगली, तरी डोळ्यांची आखणी बाकी असते. ‘आखणी’ हा शब्दच भूमितीचा आहे. चेहऱ्याच्या मधून जाणारी अदृश्य उभी रेषा, तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन बाहुल्या, आणि दोन्हींची उंची एकच. सोंड एका बाजूला वळलेली असल्यामुळे चेहरा आधीच सममितीतून सुटलेला असतो. म्हणून डोळ्यांना ती अधिक काटेकोर सांभाळावी लागते. कुंचल्याचे टोक केसभर सरकले तर मूर्ती भक्ताकडे न पाहता दुसरीकडेच पाहते. हे काम कारखान्यातल्या सर्वांत सरावलेल्या हाताकडे दिले जाते.

सुवर्ण गुणोत्तराविषयी थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्याचा गाजावाजा फार आहे. १ ला सुमारे १.६१८ हे प्रमाण सुंदर आहे आणि गणितात त्याचे स्थान मोठे आहे. गणितज्ञ पाचोली याच्या १५०९ सालच्या त्यावरील ग्रंथाला लिओनार्दोने घनाकृतींची चित्रे काढून दिली, हेही खरे. परंतु प्रत्येक गाजलेल्या चित्रावर या प्रमाणाचे सर्पिल ठेवून ‘बसले’ म्हणणे हा अभ्यास नव्हे. पुरेसे ताणले, फिरवले तर ते कुठेही बसते. चित्रकाराने ते वापरले याचा पुरावा त्याच्या आखणीत, कच्च्या रेखाटनांत किंवा लिखाणात मिळायला हवा.

विसाव्या शतकात भूमिती चित्राच्या आतून बाहेर आली आणि विषयच बनली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या चित्रकार रझा यांनी बिंदू आणि त्रिकोण यांवरच चित्रे उभी केली. पण संयोजनाच्या दृष्टीने सर्वांत विचारी काम प्रभाकर बरवे यांचे आहे. ते रायगडच्याच किनाऱ्यावरचे. अलिबागजवळच्या नागावला १९३६ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि १९९५ मध्ये ते गेले. जे. जे.मधल्या शिक्षणानंतर १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते बनारसच्या विणकर सेवा केंद्रात होते. विणकामात फुलाची वळणदार पाकळीही चौकटीचौकटीच्या कागदावर मोजून उतरवावी लागते, तेव्हाच ती धाग्यात येते.

बरवे यांच्या पुढच्या चित्रांत घड्याळ, पान, फळ, शंख अशा साध्या वस्तू एनॅमल रंगांच्या सपाट पृष्ठावर येतात. त्यांना एकत्र बांधणारे क्षितिज नसते. पान घराएवढे असू शकते. वस्तूंना जोडणारी गोष्टही नसते. असते ते त्यांच्यामधले अंतर, एका आकाराची कड आणि दुसऱ्याची कड यांतला ताण. या सगळ्याचा विचार त्यांनी मराठीत लिहिला आणि पुस्तकाला ‘कोरा कॅनव्हास’ हे नाव दिले. त्यांच्या एखाद्या चित्रातली एकच वस्तू हाताने झाकून पाहिली की उरलेल्या वस्तू जागच्या सरकल्यासारख्या वाटतात, आणि हात काढला की पुन्हा आपापल्या ठिकाणी येऊन बसतात.