समदृष्टी आणि शेवटचा कोन

अनेकांस एकच नियम लावणे हा न्याय की अन्याय, हा नीतिशास्त्रातील जुना वाद होय. गणिताच्या एका साध्या कृतीतही तो उभा राहतो, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

कोनाची ज्या अनंत श्रेढीने काढता येते. न्यूटनच्या आधी दोन-अडीचशे वर्षे केरळातील माधवाच्या परंपरेस ही श्रेढी अवगत होती. श्रेढी अनंत असल्यामुळे कोठे तरी थांबणे भाग पडते. दहा अंशांच्या कोनास दोन पदे दिली की उत्तर पाच दशांशस्थळांपर्यंत बिनचूक येते. नव्वद अंशांच्या कोनास तीन पदे दिली तरी १ ऐवजी १.००४५ येते. एकेक कोन हाती घेणारा गणिती ज्याला त्याला गरजेपुरती पदे देऊ शकतो. संगणकाची सदिशीकरणाची रीत निराळी. तीत सहस्रावधी कोन एका ओळीत मांडून प्रत्येक गुणाकार व बेरीज साऱ्या ओळीवर एकदम करतात. वेळ पुष्कळ वाचतो, पण थांबण्याची जागा सामान्यतः सर्वांस एकच ठेवावी लागते.

ती कोणाकडे पाहून ठरवावी? शून्यापासून नव्वदपर्यंतचे कोन समान अंतराने घेऊन तीन पदांवर थांबल्यास सरासरी चूक शेवटच्या कोनाच्या चुकीच्या सुमारे अष्टमांश भरते. सरासरी पाहणारा संतुष्ट होतो. सारा भार मात्र टोकाकडील कोनांच्या माथी बसतो. साठ मुलांच्या वर्गात मधल्या मुलास बेतून शिकविणारा शिक्षक याहून वेगळे काय करतो?

यावरून स्थूल गणितच त्याज्य, असे कोणी समजू नये. आमच्या कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली 'ग्रहलाघव' रचला, तो ज्याचापांचे लचांड अजिबात टाळून. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त त्याची सविस्तर दखल घेतली आहे. ज्यांच्या कोष्टकावाचून ग्रहगणित करता येणे ही खेड्यातील जोशास मोठीच सोय होती. चूक किती व ती कोणाच्या वाट्यास जाते, हे ठाऊक असून पत्करलेली स्थूलता मला तरी प्रामाणिक वाटते.

शेवटच्या कोनासाठी सर्वांस जादा पदे द्यावी, तर लहान कोनांवर श्रम व्यर्थ जातात, अशी तक्रार होईल. तीत तथ्य आहे. पण आणखीही एक मार्ग आहे. साठ अंशांची ज्या तीच तीस अंशांची कोज्या. पंचेचाळीसच्या पलीकडील प्रत्येक कोन याप्रमाणे अलीकडे आणला म्हणजे तीनच पदांत सर्वाधिक चूक एका सहस्रांशाच्या तृतीयांशाहून कमी होते. एका ओळीच्या दोन ओळी कराव्या लागतात, एवढाच काय तो खर्च.