गाळलेले दाणे

खोटे बोलणे निराळे आणि एखादी गोष्ट सांगायची गाळणे निराळे, असे आपण सगळेच धरून चालतो. या भेदावाचून व्यवहार एक दिवसही चालणार नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस गाळतो, लग्न जमवणारा मध्यस्थ गाळतो, आणि कादंबरी लिहिणारा तर गाळण्यावरच पोट भरतो. (निदान तसे म्हणतो, खरे पोट शाळेच्या पगारावर भरते.) परंतु धर्मराजाने 'कुंजर' हा शब्द नुसता हळू उच्चारला आणि जमिनीपासून चार बोटे वरून चालणारा त्याचा रथ खाली टेकला, ही कथाही आपणच पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगत आलो आहोत. तेव्हा गाळणे कुठवर निर्दोष, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. माझ्यापुढे तो आला तो धर्मग्रंथ वाचताना नव्हे, तर बर्फातले पक्षी रंगवताना.

जलरंगांचा हा माझा सुट्टीतला उद्योग आहे. बर्फ मी पाहिलेला नाही. आमच्याकडे हिवाळा म्हणजे शेकोटी, हुरडा आणि पहाटे शाळेच्या मैदानावर उतरणारे धुके. मी रंगवतो तो पक्षी जपानच्या होक्काइदो बेटावरचा लाल माथ्याचा क्रौंच; तिकडे त्याला 'तांचो' म्हणतात. समोर असतात ती दुसऱ्या कुणी कडाक्याच्या थंडीत उभे राहून काढलेली छायाचित्रे. "म्हणजे नक्कलच की, गुरुजी!" असे आमच्या शिक्षकांच्या खोलीत अधूनमधून म्हटले जाते. हा आक्षेप मला फारसा लागत नाही. छायाचित्र नव्हते तेव्हा काय होते ते पाहावे. अमेरिकेतल्या पक्ष्यांची ४३५ चित्रे, पक्षी जेवढा तेवढ्याच आकारात, जॉन जेम्स ऑडुबॉनने १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध केली. त्यासाठी तो पक्षी बंदुकीने मारी, चौकटी आखलेल्या फळीवर तारांनी हवा तसा ताणून बसवी आणि मग रंगवी. क्रौंच मारणारा निषाद आणि त्याच्यासाठी कळवळणारा वाल्मीकी एकाच देहात नांदत होते म्हणायचे. त्या मानाने छायाचित्रावरून रंगवणारा पक्ष्याचे एक पीसही घेत नाही.

छायाचित्र फसवते, हेही खरे. उभा तांचो पाहिला तर त्याची शेपटी काळीभोर दिसते. वास्तविक शेपटी पांढरी असते; मिटलेल्या पंखांची मागची काळी पिसे तिच्यावर झाकणासारखी पडलेली असतात. हे ठाऊक नसलेला माणूस काळी शेपटी रंगवून मोकळा होतो. पण उडत्या तांचोचे दुसरे छायाचित्र शेजारी ठेवले की हा घोटाळा सुटतो. अशा चुकीला औषध आहे, म्हणून तिची मला फार धास्ती वाटत नाही.

धास्ती वाटते ती जलरंगाच्या स्वभावाची. अस्सल जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडायचा. आता बर्फ पांढरे आणि त्यात उभा असलेला पक्षीही पांढरा. म्हणजे दोघेही एकाच कागदाचे. पक्षी रंगवायचा नसतोच, त्याच्या मागची फिकट निळी सावली रंगवायची, की ती जिथे थांबते तिथे त्याची पाठ आपोआप उमटते. पोटाखाली किंचित उबदार करडी छटा द्यायची, कारण बर्फावर पडलेला उजेड खालून वर उसळतो. मग मानेचा आणि पंखांचा काळा. माथ्यावरचा लाल अगदी शेवटी, थेंबभरच. ती पिसे नसून उघडी कातडी असते. ही सगळी विद्याच गाळण्याची. ज्याला सोडून देता येत नाही त्याने तेलरंगाकडे वळावे.

आणि अशा विद्येत मुरलेल्या हाताला त्या छायाचित्रांत एक नको असलेली वस्तू दिसते. क्रौंचांच्या पायांशी, बर्फावर, पिवळे ठिपके असतात. ते मक्याचे दाणे.

ते तिथे का आहेत हे सांगायला हवे. शिकारीने आणि दलदली बुजवल्यामुळे हा पक्षी जपानमधून नाहीसा झाला असे लोक धरून बसले होते. १९२४ मध्ये कुशिरोच्या दलदलीत थोडेसे शिल्लक असल्याचे आढळले. पुढे १९५० नंतरच्या कडक हिवाळ्यांत पाणी गोठले, पक्ष्यांची उपासमार होऊ लागली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्याकडचा मका त्यांच्यापुढे टाकायला सुरुवात केली. १९५२ च्या मोजणीत तिथे ३३ क्रौंच भरले होते. आज दीड हजारांहून अधिक आहेत. जपानी चित्रांतून सहस्र वर्षांच्या आयुष्याचे प्रतीक म्हणून मिरवणारा हा पक्षी प्रत्यक्षात जगला तो कुणाच्या तरी कोठारातल्या मक्यावर.

पण चित्रात दाणे आले की क्रौंचाचा योगी राहत नाही; अंगणातली कोंबडी होते. "पाळलेला आहे का हो?" असे पाहणारा विचारतो. म्हणून छायाचित्रकार कडा कापतात. आमच्या एका सहकाऱ्याने मला बजावले, "अहो, चित्र म्हणजे पंचनामा नव्हे." बरोबर आहे. त्या पक्ष्यांसमोर कॅमेरे रोखून उभी असलेली माणसांची रांग, त्यांच्या मोटारी, कुंपणाचे खांब हे सगळे मी खुशाल गाळतो. ती रांग उद्या आली नाही तरी क्रौंच तिथे उभे राहतीलच. मका नसता तर मात्र ते तिथे नसते. कदाचित कुठेच नसते. मला वाटते, फरक इथे आहे. जे गाळल्याने चित्रातल्या वस्तूच्या असण्याला बाध येत नाही ते गाळावे. जिच्या आधाराने ती वस्तू उभी आहे तीच गाळली, तर रथ खाली टेकतो.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर हिवाळ्यात कुरव पक्षी मागे लागतात. प्रवासी वेफर्स उधळतात, पंख पसरलेल्या पक्ष्याचे छायाचित्र घेतात आणि त्यातून हात तेवढा कापून टाकतात. तो हात आणि होक्काइदोचा हात सारखे नव्हेत. एक आपल्या हौसेसाठी टाकतो, दुसऱ्याने पक्ष्याच्या जिवासाठी टाकले. पण दोन्ही हात कापले की उरणारी बतावणी एकच: पक्षी आपला आपण आला.

ही बतावणी आम्ही कादंबरीकारांनी फार केली आहे. खेड्यातला हुशार मुलगा शहरात जातो, साहेब होतो. त्याच्या जिद्दीला अडीचशे पाने आणि ज्या बहिणीने घर सांभाळण्यासाठी सातवीतून शाळा सोडली तिला दोन ओळी. शाळेच्या भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांच्या तसबिरी असतात. त्यांत खांद्याच्या खाली काही दिसत नाही.

अलीकडे जपान सरकारने हा दाणा हळूहळू कमी करायला घेतला आहे. सगळा थवा एकाच जागी गोळा झाला तर एखादी साथ सगळ्यांनाच नेईल, ही त्यांची भीती. शिवाय पिकांची नासाडी होते ती निराळीच. पक्षी पांगले, न गोठणाऱ्या ओढ्यांत आपले खाणे आपण शोधू लागले, तर पुढच्या छायाचित्रांत ठिपके नसतील, आणि तेव्हा ते कुणी रंगवू नयेत. सध्या मी रंगवतो. ते काम थोडे किचकट आहे. सावलीची निळाई वाळल्यावर तिच्यावर पिवळा ठेवला तर तो हिरवट होतो. म्हणून पहिला हात फिरवण्याआधीच दाण्यांच्या जागा कोऱ्या राखून ठेवाव्या लागतात. एका चित्राला तीस-चाळीस पुरतात.