दर्भाचा कावळा

आमच्या कंपनीत चहा देणाऱ्या मामांनी एकदा कप टेबलावर ठेवता ठेवता म्हटलं, ‘‘सर होते तेव्हा महिन्यातून दोन वाक्यं बोलायचे. गेल्यापासून फार बोलायला लागलेत.’’

कंपनी महाप्याला होती, मध्यम आकाराची. नाव सांगत नाही. ज्यांनी ती काढली त्या सरांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि मामांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. सकाळचे फुकटचे पोहे बंद झाले, तेव्हा नोटिशीत लिहिलं होतं की सरांना उधळपट्टी कधीच खपत नसे. दोन शनिवार कामाचे झाले ते सरांच्या कामावरच्या निष्ठेला स्मरून. आणि वरच्या मजल्यावर काचेच्या दोन नव्या केबिनी उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं की सरांनी आम्हाला मोठी स्वप्नं बघायला शिकवलं होतं. त्या पोह्यांचा राग मी अजून धरून आहे, हे आधीच कबूल करतो. पुढचं बरंचसं त्या रागातूनच आलंय.

माझं मत तेव्हा साधं होतं. गेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालू नयेत. त्याने लिहून ठेवलं असेल तर वाचावं, नसेल तर गप्प बसावं. ‘ते असते तर’ हा खेळ आपल्याकडे थोर पुरुषांच्या जयंतीपासून सोसायटीच्या पहिल्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या नावाने चालतो. तो कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

नेरूळच्या एका मित्राने या मताला भक्कम आधार आणून दिला. स्टीव्ह जॉब्जने ॲपलची सूत्रं टिम कुककडे दिली ती ऑगस्ट २०११ मध्ये, आणि ऑक्टोबरात तो गेला. जाण्याआधी त्याने कुकला बजावलं होतं की, मी असतो तर काय केलं असतं हे विचारत बसू नकोस, जे योग्य वाटेल ते कर. वॉल्ट डिस्ने १९६६ साली गेला, त्यानंतर त्याची कंपनी ‘वॉल्टने काय केलं असतं’ या प्रश्नापाशी कशी अडकून बसली, हे जॉब्जने पाहिलं होतं. मित्राच्या लेखी विषय इथे संपला. शहाण्या संस्थापकाने असंच जावं, वारसांचे हात मोकळे करून.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही मान डोलावली. मग एक गंमत लक्षात आली. गेलेल्याचा शब्द प्रमाण मानू नका, हाही गेलेल्याचाच शब्द, आणि तो प्रमाण मानला जातो. मित्र म्हणाला, तू कीस काढतोस. काढतो. पण माझी खरी अडचण वेगळी आहे. जॉब्जला बोलायला वेळ मिळाला, समोर माणूस निवडलेला होता, दोघांचं बोलणं झालं. हे सुखवस्तू मरण झालं. जो काहीच न सांगता जातो त्याच्या मागे राहिलेल्यांनी काय करायचं? तिथे हा उपदेश कामाचा नाही, कारण तो करायलाच कुणी थांबलेलं नसतं.

आणि अशी गोष्ट शोधायला मला कॅलिफोर्नियाला जावं लागत नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसलो की घणसोली आणि कोपरखैरणे ही लागोपाठची स्टेशनं. घणसोलीच्या बाजूला रिलायन्स कॉर्पोरेट पार्क, म्हणजे इथल्या बोलीत ‘आरसीपी’, जिथून जिओ चालते. कोपरखैरण्याच्या बाजूला धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी, ‘डीएकेसी’, जे रिलायन्स कम्युनिकेशन्सचं मुख्यालय झालं. थोरल्या अंबानी भावाचं आवार आणि धाकट्याचं आवार यांत एका स्टेशनाचं अंतर, आणि दोन्हीकडे स्वप्न एकाच बापाचं.

धीरूभाई ६ जुलै २००२ ला गेले. मृत्युपत्र नव्हतं. फोनवरचं बोलणं पोस्टकार्डाहून स्वस्त झालं पाहिजे, ही त्यांची इच्छा मात्र घरोघर माहीत होती, कारण ती जाहिरातीइतकी वेळा सांगितली गेली. त्यांच्या सत्तराव्या जयंतीला, डिसेंबर २००२ मध्ये, रिलायन्स इन्फोकॉम सुरू झाली. पुढच्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत हातात फोन मिळू लागला आणि कोपरखैरण्याच्या भाजीवाल्यांच्या गाड्यांवर वजनमापाशेजारी मोबाइल दिसू लागले. ही इच्छा पाळायला सोपी होती, कारण ती धंद्याचीच होती.

घरची इच्छा कुणालाच ठाऊक नव्हती. हिंदू उत्तराधिकार कायदा (१९५६चा) अशा वेळी इच्छा विचारतच नाही. विधवा, मुलगे, मुली, सगळ्यांना सारखा वाटा, संपलं. पण उद्योगाचा ताबा असा वाट्यावाट्याने होत नाही, तो गुंतवणूक कंपन्यांच्या जाळ्यात गुंतलेला असतो. नोव्हेंबर २००४ मध्ये भावांमधला बेबनाव उघड्यावर आला, आणि जून २००५ मध्ये कोकिलाबेननी पतीचा वारसा ध्यानात ठेवून तोडगा काढल्याचं जाहीर केलं. फोनची कंपनी, वीज, वित्त धाकट्याकडे. तेल आणि रसायनं थोरल्याकडे. एकमेकांच्या धंद्यात शिरायचं नाही, असंही ठरलं. पाच वर्षांत, मे २०१० मध्ये, ती अट दोघांनी रद्द केली. जूनमध्ये थोरल्याने इन्फोटेल ब्रॉडबँड घेतली आणि तिचीच पुढे जिओ झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाली ती बोलण्याचे पैसे न घेताच. पोस्टकार्ड हरलं. वर्षभराने धाकट्याच्या कंपनीने मोबाइलवरचं बोलणं थांबवलं, आणि तिचे टॉवर, लहरी, तारा जिओला विकायचा करार जाहीर झाला तो दिवस होता २८ डिसेंबर २०१७. धीरूभाईंची पंच्याऐंशीवी जयंती.

(तो व्यवहार पुढे फिसकटला. पण तारीख तर बघा.)

बापाची एक इच्छा पुरी होण्याच्या वाटेवर बापाची दुसरी इच्छा मोडून पडली, असं म्हणायचा मोह होतो. मी स्वतः ते वाक्य दोन पार्ट्यांत टाळ्या घेत म्हटलंय. पण दुसरी इच्छा होती, हे मला कुणी सांगितलं? मुलं एकत्र राहावीत असं त्यांना वाटत असणार, हे मी माझ्या वडिलांवरून ठरवलं. फेब्रुवारी १९८६ मध्ये धीरूभाईंना पक्षाघाताचा पहिला झटका आला होता. त्यानंतर सोळा वर्षं मिळाली. एवढ्या सावध सौद्याच्या माणसाने एवढ्या काळात एक कागद केला नाही, ही विसरभोळेपणाची गोष्ट नव्हे. मला तो दोष वाटतो, आणि मोठ्या नेतृत्वातले असले दोष आपण फार लवकर माफ करतो. माझा मित्र उलट म्हणतो, त्यांनी हात मोकळे ठेवले. म्हणजे बघा, मीही त्यांच्या तोंडी शब्द घालतोय आणि तोही.

किर्लोस्करांचं उदाहरण माझ्या जास्त जवळचं आहे. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर काढले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. २०२१ मध्ये त्यांच्याच पुढच्या पिढीतल्या भावांचं भांडण चव्हाट्यावर आलं, आणि त्यात एक प्रश्न असा होता की १३० वर्षांचा वारसा म्हणायचा हक्क नेमका कुणाला. मराठी घरं शांतपणे वाटण्या करतात असा आपला एक गोड समज आहे. असो.

कागद असता तर सगळं सुरळीत झालं असतं, हा माझा भरवसा मात्र या शहरानेच घालवला. नवी मुंबई म्हणजे तीन माणसांची इच्छा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ती साठच्या दशकाच्या मध्याला कागदावर उतरवली, १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात छापून आणली. मुंबईचा भार कमी करायचा तर सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे न्या, त्यांच्यामागे बाकीचे येतील, असा त्यातला गाभा. हे शहर उभारायला १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. नकाशे होते, आकडे होते, संस्थापक जिवंत होते, बोलत होते, रागावत होते. मंत्रालय जागचं हललं नाही. नरिमन पॉइंटला समुद्रात भराव पडत राहिला आणि मनोरे उठत राहिले. मी वाशीच्या पुलावर अडकतो तेव्हा हमखास शेजारचा कुणीतरी म्हणतो, कोरियांना हे असं नको होतं. बरोबर, नको होतं. त्यांनी लिहूनच ठेवलं होतं. म्हणून काय झालं? आणि ज्या आगरी-कोळ्यांच्या शेतांवर, मिठागरांवर हे शहर आलं, ते तर तेव्हाही जिवंत होते, आजही आहेत. त्यांची इच्छा ओळखायला कुठला अंदाज लागत नव्हता, विचारलं असतं तरी पुरलं असतं.

तर लिहिलेली इच्छा टिकत नाही, आणि न लिहिलेलीबद्दल गप्प बसावं म्हटलं तर कुणी बसत नाही. मीही नाही. इथे मला वाईचा घाट आठवला.

आमचे काका गेले तेव्हा दहाव्याला आम्ही सगळे कृष्णेच्या काठी होतो. पिंड ठेवला. कावळे समोर पिंपळावर बसलेले, पण खाली येईनात. मग जे सगळ्या घाटांवर होतं तेच झालं. एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागला. ‘आईला सांभाळू.’ ‘धाकटीचं लग्न लावून देऊ.’ ‘विहिरीच्या वाट्याचं भांडण मिटवू.’ लहानपणी मला वाटायचं की ही मेलेल्याशी चाललेली बोलणी आहेत. त्या दिवशी नीट ऐकलं तर एक वेगळंच दिसलं. प्रत्येक जण काकांच्या इच्छेचा अंदाज बांधत होता, पण अंदाज असा की त्याचा भुर्दंड बोलणाऱ्यालाच पडणार होता. घाटावर कुणी म्हणत नाही की ‘काका, तुमची इच्छा असणार की मोठा फ्लॅट मला मिळावा’. म्हटलं तर बाकीचे हसतील. तिथे गेलेल्याच्या नावाने फक्त द्यायचं असतं, आणि तेही चारचौघांसमोर, गुरुजींच्या साक्षीने.

आमच्या महाप्याच्या नोटिशींत नेमकं याच्या उलट होतं. सर ज्यांच्या तोंडून बोलत होते त्यांना सरांच्या इच्छेचा कधी तोटा झाला नाही. पोहे आमचे गेले, केबिनी त्यांच्या आल्या.

कावळा फार वेळ आलाच नाही तर त्यावर शास्त्राने तोड ठेवली आहे. दर्भाचा कावळा करतात आणि तोच पिंडाला शिववतात. आपणच वळायचा, आपणच शिववायचा. तिथे ती लाचारी असते, सगळ्यांना ठाऊक असते, आणि उन्हात उभ्या असलेल्या बायकापोरांना घरी जायचं असतं. कंपन्यांत मात्र पहिल्याच मिनिटाला दर्भ काढतात. झाडाकडे वर बघतसुद्धा नाहीत.

तेव्हा गेलेल्याच्या तोंडी शब्द घालूच नयेत, हे माझं मत मी सोडलं. घालावेत. फक्त घालणाऱ्याच्या खिशाकडे बघावं. या कसोटीने मी त्या दोन स्टेशनांमधली गोष्ट पुन्हा लावून पाहिली तर वडिलांच्या स्वप्नाचे बहुतेक उल्लेख नव्या सेवेच्या, नव्या योजनेच्या दिवशी सापडतात, म्हणजे घेण्याच्या दिवशी. मार्च २०१९ मध्ये एरिक्सन कंपनीचे थकलेले पैसे मुदतीत भरले नसते तर धाकट्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तुरुंगात जायची वेळ होती. साडेचारशे कोटींवर रक्कम शेवटच्या घटकेला भरली गेली, आणि त्याने थोरल्या भावाचे आणि वहिनीचे जाहीर आभार मानले. त्या निवेदनात कुटुंबाची मूल्यं होती, वडिलांचं स्वप्न नव्हतं. यामागेही हिशेब असणार असं म्हणणारे तेव्हा होतेच, आणि असेलही; टॉवर-तारांचा तो करार त्याच सुमारास रद्द झाला. पण जिथे खिशातून पैसे गेले तिथे बापाचं नाव कुणी पुढे केलं नाही, एवढी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कसोटी इथे थोडी डगमगते. देणारा कदाचित अंदाजच बांधत नाही, तो नुसता देतो.

नेरूळच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, तुझ्या काकांना कावळा शिवला का ते सांग.

शिवला. चुलतभाऊ म्हणाला, ‘‘दुकान बंद पडू देणार नाही,’’ आणि एक कावळा उतरला. काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कावळा थोडं खाऊन थांबला, तेवढ्यात मी घाईने म्हटलं, ‘‘काका, तुमच्या वह्या मी नीट जपीन, त्यातलं छापून काढीन,’’ आणि दुसरा आला. घाटावर माझं फार कौतुक झालं.

दुकान दोन वर्षांनी भाड्याने गेलं. तिथे आता मोबाइलचं रिचार्ज होतं, वर जिओची निळी पाटी आहे. मी एकदा चुलतभावाला हटकलं, तर तो शांतपणे म्हणाला, ‘‘बंद कुठं पडलंय? चालूच आहे की.’’

त्याला मी हसलो खरा, पण वह्या माझ्याकडे सोळा वर्षं माळ्यावर पडून होत्या. हा लेख अर्धा झाल्यावर लाज वाटून खाली काढल्या. पाच आहेत. पुढच्या पानांवर मर्फी, फिलिप्स, बुश यांच्या आकृत्या, कुठला व्हॉल्व्ह कशाने जातो त्याच्या टिपा, सुंदर बारीक अक्षर. मागून उघडलं की उधारी. नाव, गाव, रक्कम, आणि पैसे आले असतील तिथे लाल शाईची खूण. पिंपळाखाली आम्ही बावीस माणसं त्यांच्या मनात काय राहिलं असेल याचा अंदाज बांधत उभे होतो. तिसऱ्या वहीत, शेवटून चौथ्या पानावर, माझ्या वडिलांचं नाव आहे. ट्रान्झिस्टर, बॅटरीचा खण बदलून, पस्तीस रुपये. लाल खूण नाही.