खंडित संघातील नवी भिक्खुणी

गोंदिया जिल्ह्यात बौद्ध धम्माच्या दोन धारा शेजारी नांदतात : एक गावोगावच्या आंबेडकरी कुटुंबांची, दुसरी अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये वसलेल्या नॉरग्येलिंग या तिबेटी वसाहतीची. त्यांची भाषा आणि पूजाविधी निराळे असले, तरी एखाद्या स्त्रीने उपसंपदा, म्हणजे संघात पूर्ण प्रवेश देणारी दीक्षा, मागितली की दोन्हींपुढे एकच पेच उभा राहतो. विनयानुसार, म्हणजे संघाच्या आचारनियमांनुसार, ही उपसंपदा भिक्खुणीसंघ आणि भिक्खुसंघ या दोहोंकडून मिळावी लागते. परंतु थेरवादी परंपरेचा श्रीलंकेतील भिक्खुणीसंघ अकराव्या शतकाच्या सुमारास लोपला आणि तिबेटात तो कधी रुजलाच नाही. देणारीच उरली नसेल, तर घेणारीने कोणापुढे हात जोडावेत?

पाचव्या शतकात श्रीलंकेच्या भिक्खुणींनी चीनमध्ये जाऊन उपसंपदा दिली होती आणि ती परंपरा पूर्व आशियात टिकली. तिच्याच आधाराने १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला भिक्खुणीसंघ पुन्हा उभा राहिला. ती परंपरा धर्मगुप्तक या वेगळ्या विनयाची असल्याने ही उपसंपदा अनेक थेरवादी स्थविरांना मान्य नाही. त्यांचा आक्षेप वरवरचा नाही, कारण सोयीनुसार वाकणारा नियम कोणालाच बांधून ठेवू शकत नाही. तथापि थेरवादी विनयातच अड्ढकासीची हकिगत आहे : उपसंपदेसाठी निघालेल्या या स्त्रीच्या वाटेवर धूर्त लोक दबा धरून बसले, तेव्हा बुद्धांनी तिला दूतामार्फत उपसंपदा घेण्याची अनुज्ञा दिली. वाट अडली म्हणून तिला माघारी धाडले नाही. नियमालाच तिच्यापर्यंत पोहोचवले. सुमारे हजार वर्षांच्या इतिहासाने अडवलेली वाट याहून वेगळी का मानावी?

आंबेडकरी बौद्धांना तर हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि त्यानंतर, स्वतः भिक्खू नसताना, लाखोंना ती दिली. त्या दीक्षेचा अधिकार केवळ गुरुशिष्यांच्या साखळीतून आला नव्हता. घेणाऱ्यांनी जे आचरण स्वीकारले, त्यातूनही तो सिद्ध झाला. जी माणसे या घटनेला आपला नवा जन्म मानतात, त्यांनी आपल्या लेकींना मात्र साखळीचा तुटलेला दुवा दाखवावा, हे न्याय्य नाही.

अधिकार केवळ साखळीतून येत नाही, हेच उपसंपदेचा विधीही सुचवतो. मातापित्यांची संमती आहे का, ऋण आहे का, पाच चीवरे आणि पात्र पूर्ण आहे का, असे उमेदवार स्त्रीला विचारले जाते. मग एकदा ज्ञप्ती, म्हणजे प्रस्तावाची सूचना, आणि तीनदा घोषणा होते, आणि तिसऱ्या घोषणेनंतरही संघ मौन राहिला तर ते मौन हीच संमती ठरते. लगेच उन्हात सावली मोजून वेळ निश्चित करतात, कारण त्या क्षणापासून तिची ज्येष्ठता सुरू होते, आणि नव्याने उभ्या राहिलेल्या संघात पुढच्या भिक्खुणी तिच्या मागे बसतात.