लेकरांचे ऋण

अपराध नसतानाही माणूस ऋणी असू शकतो काय? 2020 सालच्या महामारीचा विचार करताना हा प्रश्न बाजूला सारता येत नाही.

त्या वर्षी 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. शाळांबरोबर अंगणवाड्या, बालवाड्या व रविवारच्या शाळाही बंद पडल्या. कोरोनाने वृद्धांचे प्राण अधिक घेतले. लहान मुलांना त्याची बाधा बहुधा सौम्य होई. तरीही घराबाहेर न पडण्याचा नियम तीन वर्षांच्या मुलालाही पाळावा लागला. आजीआजोबा वाचावेत म्हणून हे आवश्यक होते. परंतु त्याची किंमत कोणी दिली, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

मार्च ते मे 2020 या काळात आयर्लंडमध्ये जन्मलेल्या 309 बाळांचा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास एखादा अर्थपूर्ण शब्द बोलणारी बाळे पूर्वी 89 टक्के होती, ती या बाळांत 77 टक्केच आढळली. बोटाने वस्तू दाखविणारी व हात हलवून निरोप देणारी बाळेही कमी होती. रांगणारी मात्र अधिक होती! घरातली जमीन होती म्हणून रांगणे आले. पण पाहुणाच आला नाही, तर निरोप कोणाला द्यावयाचा?

मूल सवंगड्यांत व खेळात शिकते, हे जाणूनच ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, खेळणे वाटून घेणे, दुसऱ्याचा चेहरा वाचणे हे मोबाईलच्या पडद्यावर शिकता येत नाही. बालयेशूच्या वाढीविषयी लिहिताना लूकही (2:52) ज्ञान व शरीर यांबरोबर देवाशी आणि माणसांशी असलेल्या नात्याचा उल्लेख करतो. शिवाय हैदराबाद, बेळगाव, बडोदे अशा ठिकाणच्या आपल्या मुलांना मराठी ऐकण्याची जागा म्हणजे घर आणि मंडळी. त्यांपैकी एक जागा तेव्हा बंद होती.

कोणी म्हणेल, मुले लवचीक असतात. मागे पडलेले आपोआप भरून निघते. यात तथ्य आहे. पुष्कळांचे भरून निघतेही. परंतु ज्या घरी पुस्तके आहेत, गोष्ट सांगायला कोणाला सवड आहे, तेथे ते लवकर निघते. मजुराच्या मुलाची अंगणवाडी बंद झाली, तेव्हा गाणी-गोष्टींबरोबर तेथला ताजा आहारही थांबला. चार वर्षांच्या मुलाचे एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा, हेही विसरता कामा नये.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (12:14) म्हटले आहे की, संचय आईबापांनी लेकरांसाठी करावयाचा असतो, लेकरांनी आईबापांसाठी नव्हे. महामारीत हा क्रम उलटा झाला. लेकरांनी आपले अंगण, आपले सवंगडी, आपले खेळ वडिलांच्या जिवासाठी दिले; आणि तेही कोणी त्यांना न विचारता. घेणाऱ्यांकडून येथे अपराध घडला नाही. परंतु कोणी आपल्यासाठी सोसले असेल, तर आपण त्याचे देणे लागतो, मग दोष कोणाचाही नसो. ख्रिस्ती माणसाला हे निराळे समजावून सांगावयास नको. त्याचे सारे जीवनच दुसऱ्याने सोसलेल्या दुःखावर उभे आहे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकबंधुभगिनींनो, तेव्हा दोन-तीन वर्षांची असलेली मुले आता मोठी होऊन आपल्या वर्गांत बसत आहेत. एखादे वचन म्हणताना अडखळते, एखादे चारचौघांत मिसळत नाही. त्याला मंद म्हणू नका, दुसऱ्याशी त्याची तुलना करू नका. त्याच्याशी बोला, त्याचे पुरते ऐकून घ्या, त्याला इतरांबरोबर खेळू द्या. मंडळीतील आजीआजोबांनाही वर्गात बोलवा. त्यांनी गोष्ट सांगावी. ज्यांच्यासाठी मुलांनी सोसले, त्यांच्याच मुखातून ती यावी हे उचित होय.

हे करताना आपण मुलांवर उपकार करीत आहोत असे मानू नये. येथे धनको ते आहेत, आणि ऋणको आपण.